ब्रेकमास्तरांचा फुकट सल्ला

त्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणतात, पण ब्रेक दुरुस्त करणं हा काही त्यांचा धंदा नाही. एका सायकल क्लबात ते एकोणीस वर्षं शर्यतीचे प्रशिक्षक आहेत, आणि या एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा बाहेर पडलेला शब्द म्हणजे "हळू". वारा प्यायलेल्या वासरासारखी सुटायला आलेली मुलं-मुली हा माणूस पहिले तीन महिने हळू चालवायला लावतो. आईबाप तक्रार घेऊन येतात, की आम्ही फी भरतो ती हळू चालवण्याची का. मास्तर चष्मा पुसत सांगतात, "जोरात चालवायला ते घरूनच शिकून आलंय. हळू शिकवायला माणूस लागतो." आईबाप आल्या पावली परत जातात. पटतं म्हणून नव्हे. मास्तरांचे विद्यार्थी बक्षिसं आणतात, आणि बक्षिसापुढे कोणाचं काही चालत नाही.

वय अठ्ठावन्न. अंगाने काटकुळे, पोटऱ्या मात्र पंचविशीतल्या. मोटार चालवता येत नाही आणि त्याची त्यांना लाजही वाटत नाही. क्लबची व्हॅन कुठे न्यायची झाली तर मास्तरीणबाई चालवतात. बाई एरवी एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहेत. डॉक्टरांचं अक्षर वाचण्याचा त्यांना तीस वर्षांचा सराव आहे, आणि जी बाई ते वाचू शकते तिच्यापासून घरात काय लपून राहणार?

रोज दुपारी दोन ते चार मास्तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसतात आणि जगाला फुकट सल्ला देतात. याची सुरुवात रागातून झाली. सहा वर्षांपूर्वी त्यांनी इंटरनेटवर कोणा पिळदार दंडाच्या तरुणाचं 'तीस दिवसांत डोंगर जिंका' वाचलं आणि त्यांचं डोकं फिरलं. ज्या माणसाला तीन महिने हळू हवं, त्याला तीस दिवसांत डोंगर म्हणजे काय! त्यांनी दोन बोटांनी टाइप करत त्याच्याखाली एवढं मोठं उत्तर लिहिलं, की लोकांनी त्या तरुणाला सोडून मास्तरांनाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. मग त्यांनी स्वतःचं पान उघडलं. वर एकच ओळ लिहिली, 'विचारा, फुकट आहे.'

फुकट म्हटल्यावर काय, झुंबड. स्वतःला 'दोन चाकं एक पोट' म्हणवणारा एक गृहस्थ विचारायचा, आठ दिवसांत पोट कमी होईल का. मास्तर लिहायचे, "पी हळद आणि हो गोरी, असं सायकलचं नसतं. आठ महिन्यांनी विचारा." कोणी विचारायचं, पहिलीच सायकल घ्यायची आहे, कुठली घेऊ. उत्तर ठरलेलं, "शेजाऱ्याची मागून आणा. दोन महिन्यांनी त्याला ती परत द्यावीशी वाटली नाही, तर मग दुकानात जा." शेजाऱ्यांवर याचा काय परिणाम झाला ते कोणी मोजलेलं नाही.

दुसरे प्रशिक्षक कुरकुरायचे, की मास्तर, तुम्ही धंदा बिघडवता. बाई मटार सोलता सोलता म्हणायच्या, "लष्कराच्या भाकऱ्या भाजा. घरातला नळ सहा दिवस गळतोय." मास्तरांवर दोन्हीचा परिणाम शून्य. त्यांना एका गोष्टीचा अभिमान होता आणि ती ते येईल त्याला ऐकवायचे, "पैसे देणाऱ्याला जो सल्ला देतो, तोच फुकट देतो. काडीचा फरक नाही." हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण ते खरं नव्हतं. पण खोटं बोलतोय हे मास्तरांना तरी कुठे माहीत होतं?

सहा महिन्यांपूर्वी या पानावर एक घड्याळवाले आले. जुनी घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान, वय एकोणसाठ वर्षं सहा महिने. पहिलाच प्रश्न होता, "माझी सीट जमिनीपासून नऊशे बारा मिलिमीटर आहे. बरोबर आहे का?" मास्तरांना इतक्या वर्षांत कोणी मिलिमीटरमध्ये काही विचारलं नव्हतं. ते जाम खूश झाले. म्हणाले, आठ मिलिमीटर खाली घ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी उत्तर हजर, "घेतली. गुडघा शांत आहे."

त्यानंतर एक दिवस चुकला नाही. मास्तर म्हणाले, दर पंधरा मिनिटांनी एक घोट पाणी प्या. घड्याळवाल्यांनी मनगटावर गजर लावला; तो वाजला की एक घोट, दोन नाही. मास्तर म्हणाले, निघण्याआधी चाळीस मिनिटं एक केळं खा. तिकडून प्रश्न आला, "सोलल्यापासून चाळीस की संपल्यापासून?" मास्तर हसून हसून लाल झाले, पण मनातून त्यांना गहिवरून आलं. प्रशिक्षकाचा जन्म ओरडण्यात जातो. सांगितलेलं तंतोतंत करणारा एक माणूस भेटावा यासाठी तो झुरत असतो, आणि तो भेटला तो असा, साठीला टेकलेला.

घड्याळवाल्यांना सायकलवरून जायचं होतं कुठे? तर डोंगराच्या पलीकडे, मुलीच्या घरी. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. ते दुकानाच्या वरच्या खोलीत एकटे राहत. दर रविवारी बसने मुलीकडे जात, जेवून संध्याकाळच्या बसने परत. मुलगी मागे लागली होती, की बाबा, तुम्हाला आता एकट्याला झेपत नाही, दुकान विका आणि इकडे या. दुकान घ्यायला एक माणूसही तिने बघून ठेवला होता. वडिलांना साठ वर्षं पूर्ण होत होती ती एका रविवारी, आणि त्या दिवशी काय ते ठरवून टाकू असं तिचं म्हणणं होतं. घड्याळवाल्यांनी वाद घातला नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांनी फक्त ठरवलं, की त्या रविवारी बसने जायचं नाही. डोंगर सायकलवरून चढून जायचं, मुलीच्या दारात उभं राहायचं आणि तिला सांगायचं, झेपतं. कोणालाही न सांगता त्यांनी तयारी सुरू केली. कोणालाही म्हणजे, मास्तर आणि पानावरचे चार हजार लोक सोडून.

मास्तरांनी हे घरचं कार्य असल्यासारखं मनावर घेतलं. इथपर्यंत सगळं छान होतं.

घोटाळा झाला तो नाडीचा. चढावर माणूस किती जोर लावतोय हे प्रशिक्षक नाडीवरून ओळखतात. छातीला पट्टा बांधतात, मनगटावर आकडा दिसतो. मास्तरांच्या कोष्टकाप्रमाणे साठीच्या माणसाची नाडी चांगल्या चढावर एकशे पस्तीसच्या घरात जायला हवी. घड्याळवाल्यांची जाईचना. एकशे बारा. एकशे तेरा. फार तर चौदा. मास्तरांनी आठवडाभर वाट पाहिली आणि मग आयुष्यात कधी केलं नाही ते केलं. त्यांनी लिहिलं, "जोरात. तुम्ही आळस करताय. तुमच्या दुकानातलं घड्याळ बंद पडलं तर चालेल, पाय बंद पडून चालणार नाहीत. एकशे पस्तीसच्या खाली मला आकडा सांगू नका."

पान हसलं. 'दोन चाकं एक पोट'ने टाळ्या वाजवणारी चित्रं पाठवली. घड्याळवाल्यांनी लिहिलं, "बरोबर आहे, सर. उद्या अजून दाबतो." आणि दुसऱ्या दिवशी दोन वाजून दहाला, "एकशे चौदा. क्षमस्व."

त्या रविवारच्या आदल्या दिवशी दुपारी बाई टेबलाशी बटाटे सोलत होत्या. मास्तर कुठल्याशा टायरवर निबंध लिहीत होते. बाईंची नजर सहज स्क्रीनवर गेली.

"हे तुमचे घड्याळवाले खेळाडू होते का हो तरुणपणी?"

"छे. जन्मभर स्टुलावर बसलेत. का?"

"बसल्याजागी नाडी बावन्न लिहिलीये."

"मग? उत्तम आहे. मी अभिनंदन केलं त्यांचं. माझ्या शर्यतीच्या मुलांची एवढी असते."

बाईंनी सुरी खाली ठेवली. "स्टुलावर बसणाऱ्या साठीच्या माणसाची नाडी बावन्न, आणि डोंगर चढला तरी एकशे चौदाच्या वर जात नाही. आणि काल यांनी काय विचारलंय? वाचा."

मास्तरांनी वाचलं. काल वाचलं होतंच. 'रविवारी सकाळची प्रेशरची गोळी पोचल्यावर घेतली तर चालेल का?' खाली त्यांचंच उत्तर होतं, 'चालेल. पोट हलकं ठेवा.'

"प्रेशरच्या काही गोळ्या नाडीला लगाम घालतात," बाई म्हणाल्या. "ती वर जाऊच देत नाहीत. तुम्ही म्हणताय आळस, आणि तो बिचारा मरमर मरतोय. लगाम खेचून धरलेल्या घोड्याला चाबूक मारताय तुम्ही. ही गोळी मनाने पुढेमागे करायची नसते ते वेगळंच. तुम्ही विचारलं नाहीत, कुठल्या गोळ्या घेता म्हणून?"

मास्तर उठले आणि कपाटापाशी गेले. क्लबात नाव घालणाऱ्या प्रत्येकाकडून ते तीन पानांचा फॉर्म भरून घेत. तो त्यांनी स्वतः तयार केला होता आणि त्याशिवाय कोणाला सायकलवर बसू देत नसत. दुसऱ्या पानावर आठव्या क्रमांकाला होतं, 'सध्या चालू असलेली औषधं.' आतापर्यंत दोनशे सत्तर फॉर्म भरून घेतले असतील. सगळे फी देणाऱ्यांचे. फुकट विचारणाऱ्या एकालाही त्यांनी तो कधी दिला नव्हता. सुचलंच नव्हतं.

ते फॉर्म हातात घेऊन उभेच राहिले. बाईंना बोलायला पुष्कळ होतं, पण त्यांनी सुरी उचलली आणि उरलेले बटाटे सोलायला घेतले. तेहेतीस वर्षांच्या संसारात एवढं कळतं.

मास्तरांनी लगेच लिहिलं, "उद्या जाऊ नका. चूक माझी आहे. हे वाचलंत की आधी उत्तर द्या." उत्तर येईना. येणार कसं? शर्यतीच्या आदल्या दिवशी फोन बंद करून झोप काढायची हा मास्तरांचाच नियम, आणि सांगितलेलं न करणारा माणूस तो नव्हेच. सकाळीच लिहून गेला होता, "आता फोन बंद करतो, सर. थेट मुलीच्या दारातून कळवीन."

गाव माहीत नाही, दुकानाचं नाव माहीत नाही. होता तो फक्त एक आलेख. घड्याळवाल्यांनी मुलीकडे जायच्या चढाची उंचसखल रेघ कधीतरी पाठवली होती. नऊ किलोमीटर चढ, सहाव्यावर दोनशे मीटर सपाट, आणि मग भिंतीसारखा उभा. मास्तरांनी तो लॅपटॉपवर मोठा केला आणि डोळे बारीक करून बघत बसले. सोनार हातात घेतल्याबरोबर दागिना ओळखतो, तसे हे लोक चढ ओळखतात. हा चढ त्यांना माहीत होता. पंचविसाव्या वर्षी याच सपाटीवर, आता जिंकलोच म्हणून ते सुटले होते आणि पुढच्या भिंतीवर चौदा जणांनी त्यांना मागे टाकलं होतं. त्यांच्या 'हळू'चा जन्म तिथलाच.

"तीन तासांचा रस्ता आहे," ते म्हणाले. "ते नऊच्या सुमारास चढाला लागणार, वेळ मीच आखून दिली होती."

"साडेपाचला निघू," बाई म्हणाल्या. "रात्री हे बटाटे खा आणि झोपा."

रविवारी क्लबाचा सराव मास्तरांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा चुकवला. निघण्याआधी त्यांनी पानावर फॉर्ममधला आठवा प्रश्न टाकला, 'कोण कोण कुठली औषधं घेतं? मी विचारायला हवं होतं.' व्हॅनमध्ये बसून ते फोनवर उत्तरं वाचू लागले. पहिली दोनतीन आली तेव्हा त्यांनी ती मोठ्याने वाचली. एकीला थायरॉइड, एकाला साखर. मग उत्तरं थांबेचनात. 'दोन चाकं एक पोट' हृदयाचं ऑपरेशन झालेला निघाला. म्हणूनच पोट कमी करायचं होतं. एक बाई रक्त पातळ करायची गोळी घेत होत्या, आणि मास्तरांनी त्यांना खडबडीत रस्त्यावर तोल सांभाळायचे धडे दिले होते. मास्तरीणबाई गाडी चालवता चालवता सांगायच्या, हे ठीक आहे, याला डॉक्टरकडे पाठवा, हिला आजच थांबवा. चढाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत एक्केचाळीस जण झाले.

"यांच्यातल्या एकानेही मला सांगितलं नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कुठे?"

वाटेत एका पुलावर दुरुस्ती चालू होती, त्यात वेळ गेला. ते चढाला लागले तेव्हा सव्वानऊ झाले होते. रविवार असल्यामुळे रस्त्यावर सायकलवाल्यांची रांग होती. रंगीबेरंगी घट्ट कपडे, चकचकीत शिरस्त्राणं. मास्तर खिडकीतून अर्धे बाहेर येऊन एकेक चेहरा बघत होते, आणि चेहरा तर त्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता. मागून भोंगे वाजत होते. बाई ढिम्म, पहिल्या गिअरमध्ये.

सहाव्या किलोमीटरला सपाट तुकडा आला. तिथे कठड्याला एक राखाडी शर्टातला माणूस टेकला होता. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पँटीच्या पायाला दोन चिमटे. एक पाय जमिनीवर आणि एक पेडलवर, म्हणजे उतरायचं नाही असं ठरवलेलं होतं. चेहरा शर्टासारखाच राखाडी झालेला. तेवढ्यात त्याच्या मनगटावर गजर वाजला. श्वास घेता येत नव्हता तरी त्याने बाटली काढली, एक घोट घेतला आणि बाटली जागेवर ठेवली.

"थांबव," मास्तर म्हणाले, आणि व्हॅन थांबण्याआधीच उतरले.

घड्याळवाल्यांनी समोर आलेल्या काटकुळ्या माणसाकडे पाहिलं. मास्तरांचा फोटो पानावर होता. ओळख पटायला दोन क्षण लागले, आणि मग ते घाईघाईने सरळ व्हायला गेले, शाळेत मास्तर वर्गात आल्यावर मुलं होतात तसे.

"सर, एकशे सोळा," ते धापा टाकत म्हणाले. "आज सोळापर्यंत नेली. त्याच्या वर नाहीच जात. मी खरंच आळस करत नाही हो."

एकोणीस वर्षं मास्तर रस्त्याकडेला उभं राहून माणसांना काहीबाही सांगत आले होते. आज त्यांनी सायकलचं हँडल धरलं, घड्याळवाल्यांना खाली उतरवलं आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या छातीचा पट्टा सोडला.

"तुम्ही आळस केला नाहीत," ते म्हणाले. "एक दिवसही नाही. चूक माझी होती. तुमची गोळी नाडी वर जाऊ देत नाही. मी विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही."

बाईंनी घड्याळवाल्यांना व्हॅनच्या पायरीवर बसवलं, मनगट धरून नाडी मोजली, छातीत दुखतंय का विचारलं. दुखत नव्हतं, डोळ्यांपुढे काजवे मात्र चमकत होते. गोळी खिशातच होती. ती बघून बाईंनी मान हलवली, म्हणजे त्यांची अटकळ बरोबर होती. त्यांनी ती त्यांना घ्यायला लावली आणि म्हणाल्या, "मुलीच्या घरी जाण्याआधी डॉक्टर. आणि ते सांगतील तोपर्यंत सायकलला हात लावायचा नाही."

"तीनच किलोमीटर राहिलेत," घड्याळवाले म्हणाले. ते बाईंशी नाही, मास्तरांशी बोलत होते. "हळू जातो, सर. तुम्ही म्हणाल तितकं हळू."

यापेक्षा मोठा मोह मास्तरांना आयुष्यात झाला नसेल. आपणच सांगितलेला शब्द, आपल्याच शिष्याच्या तोंडून. त्यांनी भिंतीसारख्या चढाकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

"मग दुकान गेलं," घड्याळवाले म्हणाले. रागाने नाही; बंद पडलेल्या घड्याळाला नवा भाग मिळणार नाही हे गिऱ्हाइकाला सांगावं, तशा आवाजात.

पलीकडच्या गावात सरकारी दवाखाना उघडा होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा आलेख काढला, सगळ्यांवर एकदा ओरडल्या, आठवडाभर विश्रांती आणि मग पुन्हा तपासणी असं लिहून दिलं आणि सोडलं. मुलीच्या घराशी व्हॅन थांबली तेव्हा साडेबारा झाले होते.

मुलगी कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान चालवते, आणि त्याच्याच वर राहते. बसच्या वेळेला बाबा आले नाहीत, फोन लागत नाही, म्हणून ती तासभर रस्त्यावरच उभी होती. वडील एका अनोळखी व्हॅनमधून उतरले, मागे टपावर सायकल, हातात दवाखान्याचा कागद. तिने कागद वाचला. आधी रडली, मग चिडली.

"बाबा, सायकल? डोंगरावर? आता मला सांगा, मी काय चुकीचं म्हणत होते?"

घड्याळवाल्यांनी मान खाली घातली. सहा महिने पाठ केलेला एक शब्द होता, 'झेपतं', तो काही त्यांना बोलता येईना.

"त्यांचं काही चुकलं नाही," मास्तर पुढे झाले. "मी सांगितलं तसं त्यांनी केलं. मी सायकलचा प्रशिक्षक आहे. इंटरनेटवर सल्ला देतो. यांची नाडी कमी येते म्हणून मीच यांना जोरात चालवायला सांगितलं."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"बाबांना तपासलंत?"

"नाही. काही विचारलंसुद्धा नाही."

"मग असलं सांगायचा हक्क कोणी दिला तुम्हाला?"

"कोणीच नाही," मास्तर म्हणाले. "फुकट देत होतो, त्यामुळे मीही कधी स्वतःला विचारलं नाही."

असं उत्तर तिला अपेक्षित नसावं. ती म्हणाली, "काय काय सांगत होता तुम्ही यांना? बघू दे मला."

घड्याळवाले "अगं, राहू दे," म्हणाले, पण मास्तरांनी फोन तिच्या हातात दिला. बापाने काय लिहिलंय ते लेकीने वाचावं की नाही, याचा त्यांनी विचार केला नाही. तो त्यांचा स्वभाव म्हणा की मूर्खपणा. कधीकधी दोन्ही एकच असतात.

ती दुकानाच्या पायरीवर बसून वाचू लागली. सुरुवातीला भराभर बोट फिरवत होती. सीट, गुडघा, केळं. मग बोट सावकाश फिरायला लागलं. मास्तरांनी कधीतरी विचारलं होतं, झोप किती होते. खाली घड्याळवाल्यांचं उत्तर होतं, "चार वाजता जाग येते, सर. ती गेल्यापासून. मग खाली येऊन घड्याळांना किल्ली देतो. सगळी चालू असली की खोलीत कोणी असल्यासारखं वाटतं." मास्तरांनी त्यावर लिहिलं होतं, 'चार ठीक आहे, पण दुपारी वीस मिनिटं आडवे व्हा.' रात्री काय खाता, असंही विचारलेलं होतं. "ब्रेड आणि अंडं. मुलीला सांगितलं नाही, तिला वाटतं मी भाजी करतो." विश्रांतीच्या दिवशी काय करता? "दुकान उघडतो. गिऱ्हाईक नसलं तरी शेजारचे लोक वेळ विचारायला डोकावतात. मुलीकडे गेलो तर ती माझी काळजी घेईल, पण मला वेळ कोण विचारेल?" याला मास्तरांचं उत्तर होतं, 'छान. पाय उंचावर ठेवून बसा.'

आपली ही उत्तरं आता तिच्या खांद्यावरून वाचताना मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पायांपुरतंच पाहत राहिले होते आणि माणूस समोर एवढं बोलून गेला होता.

मुलगी बराच वेळ वाचत होती. आतून इस्त्रीच्या वाफेचा आवाज येत होता. घड्याळवाले उभे होते, हात पाठीमागे बांधून, निकाल लागायचा असल्यासारखे.

शेवटी तिने फोन मास्तरांना परत दिला. डोळे पुसले. उठून वडिलांच्या पँटीला लावलेले दोन चिमटे काढले आणि आपल्या खिशात टाकले.

"दुकान घेणाऱ्या माणसाला मी नाही म्हणून कळवते," ती म्हणाली. "आणि पुढच्या रविवारी तुम्ही इकडे यायचं नाही. सायकलने नाही आणि बसनेही नाही."

घड्याळवाल्यांचा चेहरा उतरला.

"मी येते तिकडे. दर रविवारी. भाजी मी करीन, तुम्ही दुकान उघडं ठेवा."

घड्याळवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.